शांघायच्या व्यापाऱ्यांनी आपले धंदे सरकारला का देऊन टाकले?

विचारलंय ते असं: कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर चीनमधल्या सर्वसाधारण दुकानदार-कारखानदारांची मालमत्ता जप्त झाली नाही. उलट 1956 साली मालकांनीच अर्ज करून, ढोल-झांजा वाजवत, आपले धंदे सरकारच्या हवाली केले. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आयुष्यभराची कमाई कोणी अशी मिरवणूक काढून देऊन टाकतं का?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आधीच्या राजवटीतल्या बड्या मंडळींची बँका-कारखान्यांतली मालकी सरकारने 1949 मध्येच ताब्यात घेतली होती. बाकी हजारो गिरण्या, पेढ्या, दुकानं, कारखाने मालकांकडेच राहिले. 1956 च्या जानेवारीत खरोखरच मिरवणुका निघाल्या. पण या दोन तारखांच्या मधला 1952 सालचा वसंत ऋतू सोडून दिला तर त्या मिरवणुकांचा अर्थ लागत नाही. त्या तीन-चार महिन्यांत काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सांगलीच्या बाजारपेठेत हळद, गूळ, बेदाण्याच्या अडत पेढ्यांचे हिशेब तपासण्यात माझी छत्तीस वर्षं गेली. चीनच्या या काळाबद्दल गेली पंधरा-सोळा वर्षं मिळेल ते वाचतोय. वाचताना नजर आपोआप वह्यांकडे जाते: रक्कम कुठून आली, कोणी मोजली, कशातून भरली. त्याच बाजूने सांगेन.

सुरुवात दिलाशाची होती. सप्टेंबर 1949 च्या 'समान कार्यक्रमा'त 'राष्ट्रीय भांडवलदार' वर्गाला नव्या राज्यात जागा होती. झेंड्यावरच्या चार लहान ताऱ्यांचा जो अर्थ तेव्हा लावला जायचा, त्यात कामगार, शेतकरी आणि छोटे व्यावसायिक यांच्याबरोबर चौथा तारा याच वर्गाचा. आधीच्या राजवटीतल्या महागाईने लोक पार पोळले होते. ऑगस्ट 1948 मध्ये आणलेलं 'सोन्याचं युआन' चलन वर्षभरही टिकलं नाही. अशा बाजारात रोखीला किंमत नसते. जो तो माल धरून ठेवतो, दोन वह्या ठेवतो. नव्या सरकारने ही महागाई खरोखर मोडून काढली. सरकारचा आर्थिक कारभार पाहणारे नेते छन युन यांच्या देखरेखीखाली नोव्हेंबर 1949 मध्ये शांघायच्या बाजारात सरकारने तांदूळ आणि कापूस-सूत एकदम ओतलं. कर्ज काढून साठेबाजी करणारे तिथेच झोपले. 1950 च्या आरंभी व्यापाऱ्यांच्या गळ्यात सक्तीने रोखे मारले गेले, बाजार थंडावला, मग सरकारने थोडी ढील दिली. 1951 मात्र उत्तम गेलं. कोरियाचं युद्ध सुरू होतं, सैन्याच्या ऑर्डरी येत होत्या, गिरण्या चालत होत्या. पुढे कितीतरी व्यापारी 'ते न विसरता येणारं 1951' असं म्हणत राहिले.

आणि नेमकं याच वर्षाच्या शेवटी वारं फिरलं.

पहिल्यांदा मोहीम सुरू झाली ती पक्षाच्याच माणसांविरुद्ध. डिसेंबर 1951 मध्ये 'सान-फान', म्हणजे तीन गोष्टींना विरोध: भ्रष्टाचार, उधळपट्टी, नोकरशाही. थ्येनचिन भागातले दोन जुने क्रांतिकारक अधिकारी, ल्यू छिंग-शान आणि चांग त्स-शान, यांना 10 फेब्रुवारी 1952 रोजी गोळ्या घातल्या गेल्या. लाच घेणारा सापडला की पुढचा प्रश्न ठरलेला: दिली कोणी? 26 जानेवारी 1952 रोजी माओंच्या सूचनेने 'वू-फान', पाच गोष्टींना विरोध, शहराशहरांत सुरू झालं. त्या पाच गोष्टी म्हणजे लाच देणं, कर चुकवणं, सरकारी मालमत्ता चोरणं, कामात आणि मालात फसवणूक करणं, सरकारी आर्थिक गुपितं चोरणं. या पाचांना 'पाच विषं' म्हणायचे.

ही यादी वाचून कोणीही म्हणेल, यात गैर काय आहे? आपल्या कायद्यातही हे गुन्हे आहेतच. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा असंच म्हणालो होतो. शिवाय गुन्हे खरेही होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शांघायच्या 'ताखांग' औषध दुकानाचा मालक वांग खांग-न्यान याच्यावर आरोप होता की त्याने कोरियातल्या सैन्यासाठीच्या औषधांचे पैसे उचलले आणि धड माल दिला नाही, शिवाय कितीतरी अधिकाऱ्यांना लाच चारली. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला देशभर पोचवलं. आघाडीवर कोणाचा मुलगा लढत असेल आणि त्याला निकृष्ट औषध मिळालं असं कळलं तर संताप येणारच. त्या संतापावर मोहीम चालली.

पण हिशेबाच्या नजरेने या पाचही शब्दांना हात लावून बघा, प्रत्येक शब्द रबरासारखा ताणला जातो. लाच म्हणजे पाकीट, तशीच ऑर्डर मिळाल्यावर दिलेली मेजवानीही. सरकारी आर्थिक गुपित म्हणजे खरंच एखादा कागद चोरणं, किंवा सरकारी कंपनी उद्या सुताचा भाव वाढवणार हे ओळखीच्या माणसाकडून ऐकून आज खरेदी करणं. बाजारात बसलेला माणूस दिवसभर दुसरं करतो तरी काय? सरकारी मालमत्तेची चोरी यात तर सरकारी कामात 'जास्त' नफा घेणंही बसवता आलं. जास्त म्हणजे किती, हे काम घेताना कोणी सांगितलं नव्हतं, ते नंतर ठरलं. आणि कर चुकवण्याबद्दल बोलायचं तर महागाईच्या त्या वर्षांतून जो धंदा जिवंत बाहेर आला, त्याची एकही कच्ची वही नसेल असं मला माझ्या धंद्यात राहून म्हणवत नाही.

तेव्हा जाळं असं टाकलं होतं की त्यात प्रत्येक मासा येणार. सरकारी तपासणीचा आकडाही तेच सांगतो. मोठ्या शहरांतल्या साडेचार लाखांहून जास्त धंद्यांपैकी 76 टक्के या ना त्या 'विषा'त सापडले.

आता एका दुकानात हे कसं चालायचं ते सांगतो. अनेक हकीकतींमधून एकच चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं, ते एका ठिकाणी मांडतो.

समजा, शांघायच्या नानचिंग रस्त्यावर कापडाचं दुकान आहे. आठ-दहा नोकर, एक जुना हिशेबनीस, मालकाचं कुटुंब माडीवर. सकाळी दारासमोर कर्णा लागतो. मालकाचं नाव घेऊन दिवसभर पुकारा होतो: कबूल कर, कबूल करणाऱ्याला सवलत, विरोध करणाऱ्याला कडक शिक्षा. दाराशी तक्रारपेटी ठेवलेली, कोणीही चिठ्ठी टाकावी. मोहिमेसाठी दुकानात पाठवलेल्या तपास पथकातली माणसं मालकाशी आधी बोलतच नाहीत. ती नोकरांना एकेकटं बाजूला घेतात. तू इथे किती वर्षं आहेस? तुला पगार किती? मालकाने पोरीच्या लग्नात किती उधळले? त्याला एक पद्धतशीर नाव होतं, 'पाठीला पाठ लावून' तक्रार, म्हणजे मालक समोर नसताना. ते झालं की 'समोरासमोर'. नोकर बाकांवर, मालक मधे उभा.

मालक कबुलीजबाब लिहितो. समजा, इतका कर चुकवला, अमुक अधिकाऱ्याला मेजवानी दिली. पथक वाचतं आणि परत देतं: पुरेसं नाही. काय पुरेसं नाही, कुठली रक्कम राहिली, हे सांगत नाहीत. तो पुन्हा लिहितो, आकडा वाढवतो. पुन्हा परत. या प्रकाराला तिथे 'टूथपेस्ट पिळणं' म्हणायचे. मोठ्या भ्रष्टाचाऱ्यांना 'वाघ' आणि पथकांना 'वाघ मारणारी पथकं' म्हणत. जुन्या चलनात 10 कोटी युआनच्या वर गेला तो मोठा वाघ. जुनं 10 हजाराचं युआन पुढे 1955 मध्ये 1 नवं युआन झालं, तेव्हा त्या 10 कोटींचे नवे 10 हजार धरा. किती वाघ सापडायला हवेत याची उद्दिष्टं सान-फानमध्ये वरून खाली आलेली होती. पथकालाही रिकाम्या हाताने परतायची सोय नव्हती.

मग पाळी हिशेबनिसाची. तो पंधरा-वीस वर्षं गल्ल्यावर बसलेला, मालकाच्या घरचं मीठ खाल्लेला. त्याला सांगितलं जातं की कच्ची वही दाखव, नाहीतर तूही साथीदार. त्याच वेळी माडीवर मालकाच्या बायकोला बायकांच्या सभेतून सांगितलं जातंय, नवऱ्याला कबूल करायला लाव, त्यातच त्याचं भलं आहे. मुलगा शाळेतून येतो तो बापाला लिहायचं पत्र घेऊनच.

इथे मी दरवेळी थांबतो. माझ्या कामाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका पेढीवर आयकराची धाड पडली होती. मी तिथे होतो. अधिकारी मालकाला सोडून सरळ दिवाणजींकडे वळले. सत्तरीचे गृहस्थ, धोतर-टोपी, हात थरथरत होते. त्यांनी कपाटाच्या वरून एक वही काढून दिली आणि मालकाकडे न बघता खाली बसले. पेढीवर त्यानंतर कितीतरी वर्षं धंदा चालला, दंड भरला, अपिलात निम्मा सुटलाही. पण मालक आणि दिवाणजी एकमेकांशी पूर्वीसारखं बोलले नाहीत. एका दुपारची गोष्ट, आणि तीही कायद्यातली, अपील असलेली. शांघायमध्ये हे आठवड्यांमागून आठवडे, लाखभराहून जास्त दुकानांमध्ये, एकाच वेळी चाललं. आणि अपील कुठे? आरोप करणारा, रक्कम ठरवणारा आणि ती रक्कम घेणारा, तिन्ही एकच.

माझ्या धंद्यात एक साधा नियम आहे: आधी वही, मग आकडा. तिथे आकडा आधी आला, आणि वह्या त्या आकड्याला जुळवून घ्यायच्या होत्या. माणसं न केलेले गुन्हे कबूल करायला लागली, कारण मोठा आकडा लिहिल्याशिवाय सुटका नव्हती. पुढे उन्हाळ्यात प्रकरणं मिटवताना सरकारने स्वतःच कितीतरी रकमा खाली आणल्या. पण तोपर्यंत काही माणसं राहिली नव्हती.

25 जानेवारी ते 1 एप्रिल 1952 या काळात एकट्या शांघायमध्ये, अपुऱ्या मोजणीनुसार, 876 आत्महत्या झाल्या. उंच इमारतींच्या खालून चालायला लोक घाबरायचे असं त्या काळात तिथे राहिलेल्यांनी सांगून ठेवलंय. नदीत उडी का घेतली नाही, याचं एक उत्तरही सांगितलं जायचं: प्रेत सापडलं नाही तर माणूस हाँगकाँगला पळाला असं धरून घरच्यांच्या मागे लागतील. हे प्रत्येकाच्या मनात होतं का, कोण सांगणार. पण असं उत्तर लोकांना पटत होतं, यातच त्या शहराची अवस्था कळते. 'कुआन-शंग-युआन' या नावाजलेल्या खाद्यपदार्थांच्या कंपनीचे संस्थापक शियन कुआन-शंग याच वर्षी इमारतीवरून उडी घेऊन गेले. फेरीवाल्यापासून वर आलेला माणूस.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो छोंगछिंगचा लू त्सुओ-फू. शाळामास्तर, वर्तमानपत्रात काम केलेला, 1925 मध्ये त्याने मिनशंग नावाची जहाज कंपनी काढली. सुरुवात एका लहानशा बोटीने. पुढे यांगत्सेच्या वरच्या भागातली वाहतूक बहुतेक याच कंपनीच्या हातात आली. 1938 च्या हिवाळ्याच्या तोंडावर जपानी सैन्य मागे लागलेलं असताना यिछांगच्या धक्क्यावर माणसं आणि कारखान्यांची यंत्रं अडकून पडली होती. नदीचं पाणी उतरायच्या आत, सुमारे चाळीस दिवसांत, याच्या जहाजांनी ती वरच्या बाजूला नेऊन पोचवली. पुढे युद्धातल्या शस्त्रांचं उत्पादन त्या यंत्रांवर झालं. 1949 नंतर तो हाँगकाँगला होता. राहू शकला असता. पण 1950 मध्ये परत आला, तिथे अडकलेली कंपनीची जहाजंही मुख्य भूमीकडे आणवली आणि कंपनी सरकारबरोबर भागीदारीत चालवायला स्वतःहून तयार झाला. म्हणजे तुम्ही जे 1956 चं विचारताय, ते त्याने सहा वर्षं आधीच केलं होतं.

8 फेब्रुवारी 1952 ला कंपनीत सभा झाली. त्या रात्री त्याने घरी झोपेच्या गोळ्या घेतल्या. मागे बायकोसाठी चार ओळी होत्या. मिनशंग कंपनीचं वापरायला घेतलेलं फर्निचर कंपनीला परत कर. मिनशंगचे शेअर सरकारला दे. यापुढे मुलांच्या आधाराने राहा. सैनिकी-प्रशासकीय समितीचा (त्या भागाचा कारभार पाहणारी सरकारी समिती, तो तिचा सदस्य होता) बिल्ला समितीला परत कर.

छत्तीस वर्षं मी ताळेबंद वाचतोय. यापेक्षा स्वच्छ ताळेबंद मी पाहिला नाही. कोणाचं काय घेतलंय, ते कोणाला परत द्यायचं, शिल्लक काय. घरातलं फर्निचरसुद्धा कंपनीच्या नावावर असलेला मालक, आणि त्याच्यावर वेळ आली ती गैरव्यवहाराच्या आरोपांच्या सभेची.

याच महिन्यांत आपल्याकडचं एक शिष्टमंडळ चीनमध्ये फिरत होतं. एप्रिल-मे 1952, विजयालक्ष्मी पंडित प्रमुख, आणि त्यात मुंबईचे संपादक फ्रँक मोराइस. नव्या देशाबद्दल आपल्या लोकांच्या मनात तेव्हा मोठं कुतूहल आणि आपुलकी होती, आणि कोटणीसांच्या आठवणीमुळे महाराष्ट्रात तर जास्तच. ती आपुलकी खोटी नव्हती. पण दुकानाच्या माडीवर काय चाललंय ते पाहुण्यांना दिसत नसतं.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थ्येनचिनहून कळवलं गेलं होतं की बाजार बसलाय. गावाकडचा माल शहरात येईना, शहरातला गावाकडे जाईना, सरकारी कंपन्यांची खरेदी थांबली, रोजंदारीवाल्यांच्या चुली बंद पडायला लागल्या. मालक सभेत उभा असेल तर दुकान कोण चालवणार? शिवाय कर कोण भरणार? तेव्हा वरून आवर घातला गेला. अर्थमंत्री पो यी-पो फेब्रुवारीअखेर शांघायला आले, महापौर छन यी यांच्याबरोबर मोहिमेची पुन्हा आखणी केली आणि 25 मार्चला ती नव्याने सुरू झाली. सगळ्यात मोठे 303 उद्योगपती कामगारांच्या सभांपासून वेगळे काढून एकत्र बसवले गेले. त्यांनी एकमेकांसमोर कबुली द्यायची, एकमेकांवर टीका करायची. यामुळे त्यांचा जीव वाचला हे मान्य करायला हवं. पण विचार करा, आता साक्षीदार नोकर नव्हता. शेजारच्या गिरणीचा मालक होता, कदाचित व्याही होता.

आणि 5 मार्चच्या माओंच्या सूचनेत वर्गवारी आली. कायदा पाळणारे सुमारे 10 टक्के, बहुतांशी पाळणारे 60, अर्धे पाळणारे अर्धे मोडणारे 25, गंभीर गुन्हेगार 4, पूर्ण गुन्हेगार 1. सोबत धोरण: पूर्वीच्या गोष्टींना सवलत, पुढच्यांना कडक, उद्योगाला सवलत, व्यापाराला कडक. लोक याला मवाळपणा म्हणतात. शिक्षा सौम्य झाल्या, हे खरंच आहे. पण तपासणी पुरी व्हायच्या आत टक्केवारी? एखाद्या तरुण सहाय्यकाने मला असा अहवाल आणून दिला असता तर मी त्याला काम सोडायला सांगितलं असतं. शांघायचे सर्वांत मोठे कापड-पिठाचे गिरणीमालक रोंग यी-रन यांना कोणत्या रांगेत बसवायचं, यावर पो आणि छन यांनी 'बहुतांशी पाळणारे' असं ठरवलं. माओंनी सुचवलं, हात आखडता कशाला, 'पूर्ण पाळणारे' करा. झालं. वही तीच, धंदा तोच, रांग बदलली. एका शब्दाने वर जाता येतं, तर एका शब्दाने खालीही येता येतं, हे शांघायच्या प्रत्येक व्यापाऱ्याला समजलं असणार.

जूनमध्ये प्रकरणं मिटवण्याचे आदेश आले, ऑक्टोबरमध्ये मोहीम संपल्याचं जाहीर झालं. दुकानं मालकांच्याच नावावर राहिली.

पण हिशेब बघा. परत करायची रक्कम आणि मागचा कर भरायला रोकड नव्हती. मग सरकारी बँकेचं कर्ज. काही ठिकाणी ते येणंच पुढे सरकारचं भागभांडवल म्हणून वहीत चढलं. खाजगी बँकांकडे जावं तर डिसेंबर 1952 मध्ये त्या सगळ्या एकत्र करून सरकारी-खाजगी भागीदारीची एकच बँक झाली. म्हणजे उसनवारीचं दार एकच उरलं. कच्चा माल सरकारकडून, तयार माल सरकारला. 1952 पर्यंतच खाजगी कारखान्यांचं निम्म्याहून जास्त उत्पादन सरकारच्या मागणीवर चालत होतं. नोकराला काढायचं तर संघटना, आणि संघटनेने मालकाला सभेत उभं राहिलेलं पाहिलंय. सप्टेंबर 1953 मध्ये नफ्याची वाटणी ठरली: आयकर 34.5 टक्के, कामगार कल्याण 15, राखीव निधी 30, मालकाला 20.5. तिथे याला 'चार घोड्यांनी वैरण वाटून घेणं' म्हणत. चौथ्या घोड्याच्या डोक्यावर कर्ज, जबाबदारी आणि पुन्हा मोहीम येण्याची भीती, तिन्ही होती.

अशा वेळी मालकी म्हणजे काय उरतं? निर्णय तुमचा नाही, भाव तुमचा नाही, माणसं तुमची नाहीत. उरतं ते दारावरचं नाव, आणि पुढची मोहीम याच नावाला शोधत येणार. ज्याने फेब्रुवारी 1952 पाहिला, त्याला ते नाव उतरवून घ्यायची घाई झाली तर नवल नाही. म्हणून मी म्हणतो, धंदा हातातून गेला तो 1952 च्या त्या सभांमध्ये. 1956 मध्ये फक्त खरेदीखत झालं.

ते खरेदीखतही पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर 1955 मध्ये माओंनी उद्योगपतींना बोलावून समजावलं. 10 जानेवारी 1956 ला बीजिंगमध्ये सगळे धंदे एकदम सरकारी-खाजगी भागीदारीत गेले. 15 तारखेला थ्येन-आन-मनवर मेळावा झाला, तिथे थोंगरनथांग या शेकडो वर्षांच्या औषधी पेढीचे वारस ल सोंग-शंग यांनी व्यापाऱ्यांच्या वतीने आनंदाची बातमी माओंना दिली. त्याच आठवड्यात शांघायचंही झालं. लाल कागदावर शुभचिन्हं, फटाके, झांजा. त्या दिवसांची एक म्हण तिथे राहिली: दिवसा ढोल बडवायचे, रात्री गळ्यात गळा घालून रडायचं.

मालमत्तेचं मोजमाप मालकांनीच करायचं होतं. आणि मालकांनी ते कमी केलं. तुम्हाला विचित्र वाटेल. मला मुळीच वाटत नाही. आकडा जास्त लिहिला की फुगवल्याचा आरोप, म्हणजे पुन्हा तीच सभा. जुनं यंत्र असेल तर भंगाराच्या भावाने लिहून मोकळं व्हायचं. देशभरातल्या खाजगी मालकांचा वाटा या मोजणीत निघाला सुमारे 240 कोटी युआन. त्यावर वर्षाला 5 टक्के निश्चित व्याज, सात वर्षं. पुढे मुदत वाढली आणि 1966 च्या सप्टेंबरात व्याज कायमचं थांबलं. 240 कोटींचे 5 टक्के म्हणजे 12 कोटी. घेणारे सुमारे 11 लाख 40 हजार. माणशी सरासरी वर्षाला 105 युआन, महिन्याला 9 सुद्धा नाहीत. त्यातला मोठा हिस्सा रोंगसारख्या थोड्या घरांना. गल्लीतल्या चहावाल्याच्या, शिंप्याच्या हाती काय आलं असेल, गणित तुम्हीच करा.

आणि या व्याजाबरोबर एक शब्द चिकटला: भांडवलदार. महिन्याला पाच-पन्नास पैसे व्याज घेणाऱ्या नवरा-बायकोच्या दुकानालाही तोच शब्द, गिरणीमालकालाही तोच. मुलाच्या शाळेच्या अर्जावर, नोकरीच्या कागदावर, लग्न ठरताना तो शब्द पुढे यायचा. व्याज नको म्हणून लिहून देणारे निघाले, तरी शब्द सुटला नाही. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि लाल रक्षक, म्हणजे माओंच्या नावाने निघालेल्या तरुणांच्या टोळ्या, घरात शिरले ते याच यादीच्या आधाराने. मेळाव्यात आनंदाची बातमी देणारे ल सोंग-शंग 1968 मध्ये त्याच धामधुमीत गेले. रोंग यी-रन टिकले, आणि 1993 मध्ये देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. लोक त्यांचंच उदाहरण देतात. मी देत नाही. त्यांची रांग वरून बदलली गेली होती.

मी उदाहरण देतो ते दुसरं. 1979 च्या शेवटी सरकारने त्या जुन्या यादीची फेरतपासणी सुरू केली. 1956 मध्ये 'खाजगी मालक' म्हणून नोंदवलेली सुमारे 8 लाख 60 हजार माणसं होती. तपासणीत त्यातली 7 लाख छोटे दुकानदार, फेरीवाले, हातकाम करणारे निघाले. त्यांना कागद मिळाला की तुम्ही भांडवलदार नव्हता, तुम्ही कष्टकरी होता. तोवर तेवीस वर्षं उलटली होती. कितींच्या घरी तो कागद मुलांनी सही करून घेतला.